व्याह्याच्या नावाच्या अकरा जागा

ध्वनिमुद्रण एकूण एकतीस मिनिटं वीस सेकंदांचं होतं. त्यात नऊ गाणी. गाण्यांचा वेळ सव्वीस मिनिटं पाच सेकंद. बाकीचा वेळ खोकला, पाणी पिणं, ढोलकी चढवणं आणि बोलणं यांचा. शिवी म्हणता येईल असे शब्द त्रेसष्ट वेळा आले होते, वेगवेगळे मोजले तर सतरा. सगळ्यात जास्त आलेला शब्द ‘रांड’, चौदा वेळा. आणि अकरा ठिकाणी काहीच नव्हतं. गाणारी बाई श्वास घ्यायची, थांबायची, ढोलकी तेवढा वेळ एकटीच वाजायची आणि मग ओळ पुढे जायची.

त्या अकरा ठिकाणांपुढे मी यादीत ‘मुद्रणातला दोष?’ असं लिहिलं.

मी जळगावला वाल्मीकभाऊंच्या स्टुडिओत काम करते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, ध्वनीचा विषय घेऊन, आणि ध्वनीचं जे काम जिल्ह्यात मिळालं ते हे. लग्नात, वाढदिवसाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात लोकांना नवीन गाणी हवी असतात, पण त्यातल्या शिव्या नको असतात. आजोबा समोर बसलेले असतात. म्हणून आम्ही गाण्याची फॅमिली प्रत करून देतो. बीप लावायचा नाही, हे भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “बीप ऐकला की पोरं तो शब्द स्वतः भरतात, आणि मोठ्यानं भरतात.” मग शब्दावर ढोलाचा ठोका बसवायचा, किंवा शब्द उलटा फिरवायचा, किंवा त्याच गायकाचा दुसरीकडचा एखादा शब्द आणून जोडायचा. तिसरी पद्धत सगळ्यात अवघड आणि ती मला चांगली जमते.

हे काम वेगळं होतं. गाणारी बाई धुळ्याकडची, गाणी अहिराणी. मी वरणगावची, आमच्याकडची बोली निराळी. अहिराणी मला ऐकून कळते, बोलता येत नाही. शब्द शोधायचं जे सॉफ्टवेअर आम्ही वापरतो त्याला तीही येत नाही, म्हणून मी सगळं कानांनी मोजलं, तीन वेळा.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई आल्या. धुळ्याहून सकाळच्या बसने, पिशवीत डबा घेऊन. गाणाऱ्या धुरपदाबाई त्यांच्या आई. लग्न सुनंदाबाईंच्या मुलीचं, भाविकाचं.

“अक्का, एक विचारू?” मी स्क्रीनवर ती रिकामी जागा दाखवली. “इथे काय झालं? आवाज गेला का?”

त्या हसल्या. “जायला काय झालं. तिथं व्याह्याचं नाव यायचं ना. मायनं गायलं तेव्हा भाविकाचं कुठं ठरलं होतं? पाच दिवसांनी ऑपरेशन. माय म्हणे, नाव सापडेल तेव्हा टाकजात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. धुरपदाबाई चाळीस-बेचाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या लग्नात गाया म्हणायच्या. गाया म्हणजे शिव्या. पंगत बसली की मुलीकडच्या बायका व्याह्यांना आणि विहिणींना गाऊन शिव्या द्यायच्या, आणि ज्याला शिवी मिळाली नाही तो रुसायचा. धुरपदाबाई एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. त्यामुळे हळदीच्या वेळी त्या मागे, भिंतीला टेकून बसायच्या. पंगतीच्या वेळी मात्र लोक त्यांना हाताला धरून पुढे आणायचे. मिशरीचं व्यसन होतं. गेल्या वर्षी घशाची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी धुळ्यातच एका खोलीत गावचा ढोलकीवाला पुना याला बसवून त्यांनी हे गाऊन घेतलं. नातीच्या पंगतीत स्वतः गाता येणार नाही, तर निदान आवाज तरी वाजावा म्हणून.

“आता ठरलं ना,” मी म्हणाले. “व्याह्यांचं नाव सांगा. आजींचा आवाज आता नाही, पण मुद्रणातली अक्षरं जोडून बघता येईल.”

“तेच सांगायला आले. मुलाचे वडील नाहीत. नथ्थूभाऊ दोन वर्षांमागे गेले.” त्यांनी पदर सारखा केला. “जागा बुजवून टाका.”

जागा बुजवणं अवघड नव्हतं. ढोलकीचं एक आवर्तन काढायचं आणि दोन टोकं जोडायची. फक्त प्रत्येक जागेआधी धुरपदाबाईंनी श्वास घेतलेला होता, साधारण पाव सेकंद, नाव मोठ्याने म्हणायला घ्यावा तसा. तो काढला तर आधीचा शब्द तुटायचा. म्हणून तो राहिला.

फॅमिली प्रत मात्र मुलाकडच्यांची अट होती. मुलाचं घर चोपड्याचं. त्यांच्याकडून सगळं बघत होती ती मुलाची मोठी बहीण मेघा. ती नाशिकला बँकेत अधिकारी आहे. सुनंदाबाई जाताना म्हणाल्या, “त्यांना पटेल असं करा, ताई. आम्ही मुलीकडचे. आणि मायचा आवाज राहू द्या तेवढा.”

या दोन वाक्यांमध्ये विरोध आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. मी त्रेसष्ट जागा झाकल्या. कुठे ढोलकीचा ठोका, कुठे टाळी, सात ठिकाणी दुसरे शब्द जोडले. गुरुवारी प्रत मेघाताईंना पाठवली.

तासाभराने त्यांचा फोन आला. आवाज शांत, नीट मुद्दे लिहून बोलणाऱ्या माणसासारखा.

“काम छान आहे, स्नेहल. शिवी एकही ऐकू आली नाही. पण पहिल्या गाण्यात ते मिशीचं काय आहे?”

मी ओळ वाचून दाखवली. “मिशीले तूप लावस व्याही, घरमा नही दाय.” मिशीला तूप लावतो व्याही, घरात डाळ नाही. शिवी म्हणून मी ती मोजलीच नव्हती.

“बाबांना मिशा होत्या,” मेघाताई म्हणाल्या. “मंडपात त्यांचा फोटो ठेवणार आहोत. सत्कार आहे तिथे छोटासा.”

मी यादी उघडली. मग त्यांनीच विचारलं, “व्याह्यावर एकूण किती गाणी आहेत?”

“चार. पहिलं, दुसरं, चौथं, सातवं. बारा मिनिटं दहा सेकंद.”

“ती चारही काढू या. ज्याला म्हणायचं तो माणूसच नाही.”

“विहिणीवर तीन आहेत. सात मिनिटं बावीस सेकंद.”

“विहीण म्हणजे माझी आई,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत आई पहिल्यांदा चार लोकांत येऊन बसणार आहे. तिला बोलावून तिच्यावर गाणी वाजवायची?”

“आठवं करवलीवर आहे.”

“म्हणजे माझ्यावर?” त्या हसल्या. “काय म्हणतात?”

करवली पर्स उघडते आणि त्यातून एक फणी, दोन बोरं आणि नवऱ्याचे कान निघतात, असं ते गाणं होतं. पुढे आणखी काय काय निघतं त्यावर मी ठोके बसवले होते.

“ते ठेवा. माझी काही हरकत नाही. आमच्या साहेबांचे कान खरंच मोठे आहेत. आणि नववं?”

“नववं तुम्ही ऐकलंत, त्यात तीन ठिकाणी शब्द झाकलाय. ते कोणावर नाही. शेवटचं आहे.”

“कोणावर नाही म्हणजे?”

मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, बघून सांगते.

वाल्मीकभाऊ शेजारच्या टेबलावर चहा पीत ऐकत होते. म्हणाले, “सव्वीस मिनिटांचं साडेसहा झालं. बरं चाललंय.”

“भाऊ, हसू नका.”

“हसत नाही गं. मागे एका पुढाऱ्याच्या पोराचं गाणं आलं होतं. शिव्या काढल्या तर फक्त म्युझिक उरलं. त्यावर लोक दोन तास नाचले. ही तर पंगतीची गाणी. यावर कोण नाचणार?”

मी नववं गाणं पुन्हा लावलं, मूळचं, ठोके न बसवलेलं. शब्द असे होते:

गाया दिन्यात तुमले, राग नका धरा,
गाणारी रांड शे, तिना पदरमा भरा.

तुम्हाला शिव्या दिल्या, राग धरू नका. गाणारी रांड आहे, तिच्या पदरात भरा. हेच तीन वेळा, मधल्या ओळी बदलून.

मग मला माझी चूक दिसली. ‘रांड’ चौदा वेळा असं मी लिहिलं होतं. पण त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मी त्या एका नावाखाली मोजल्या होत्या. सहा वेळा शिवी होती, विहिणीला. पाच वेळा गाणारी बाई पुनाला ‘रांडना’ म्हणत होती, “हयू वाजाड, रांडना”, हळू वाजव, आणि पुना प्रत्येक वेळी हसत होता. ते हसू मुद्रणात स्पष्ट आहे. आणि उरलेल्या तीन वेळा ती शिवीच नव्हती. नवरा नसलेल्या बाईला जुनी माणसं ज्या शब्दाने ओळखतात तो शब्द होता तो. ती स्वतःबद्दल माहिती देत होती.

शनिवारी मी धुळ्याला गेले. हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं.

सुनंदाबाईंच्या घरी पुढच्या खोलीत पत्रिकांचे गठ्ठे होते आणि धुरपदाबाई खाटेवर बसून त्यांना हळदीकुंकवाची बोटं लावत नव्हत्या. ते काम भाविका करत होती. आजी फक्त गठ्ठे मोजून बांधत होत्या. गळ्याला पांढरं सुती फडकं बांधलेलं, त्यामागे श्वासासाठी केलेलं छिद्र. मला बघून त्यांनी टाळी वाजवली आणि ओठ हलवले. आवाज नाही, जीभ टाळ्याला लागल्याचा बारीक टकटक आवाज फक्त.

“म्हणते, हाई काडीसारखी पोर शिव्या मोजस?” सुनंदाबाई म्हणाल्या. आईचे ओठ वाचायला त्या एकट्याच शिकल्या आहेत.

“मोजते,” मी म्हणाले.

ओठ हलले. भाविका खाली मान घालून हसायला लागली.

“काय म्हणाल्या?”

“कितल्या भरल्या, विचारते.”

“त्रेसष्ट.”

धुरपदाबाईंनी हात झटकला. सुनंदाबाईंनी सांगितलं, “कमी शेत म्हणते, कमीच आहेत. त्या दिवशी घसा दुखत होता.”

मी आधी मेघाताईंनी काय काय काढलं ते सांगितलं. वाटलं होतं त्यांना राग येईल. आला नाही. व्याह्यावरची गाणी काढली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, मेलेल्या माणसाला गाया देत नाहीत. विहिणीवरचीही काढली म्हटल्यावर जरा थांबल्या आणि पुन्हा मान हलवली. मग बराच वेळ ओठ हलवत राहिल्या आणि सुनंदाबाई तुकड्या-तुकड्याने सांगत गेल्या.

“माय म्हणस, बठ्ठ्या काप, सगळ्या. शेवटली राहू दे. शेवटली गाय, शेवटली शिवी, गाणारीनं आपल्यावर घ्यायची असते. नाही घेतली तर दिलेल्या बठ्ठ्या तिथंच राहतात, ज्याच्या त्याच्या अंगावर. मग ती खरीच शिवी होते. आमच्या आजीच्या वेळेपासून असंच आहे.”

“तोच शब्द त्यांना चालणार नाही, आजी,” मी म्हणाले. “म्हणून मी एक करून आणलंय.”

नवव्या गाण्यातला तो शब्द काढून मी पहिल्या गाण्यातला ‘माय’ तिथे जोडला होता. सूर थोडा वर होता, तो उतरवला. ओळीचा शेवट लांबवला. दोन दिवस लागले होते. स्टुडिओत भाऊंना दोन्ही ऐकवले तेव्हा त्यांना जोड सापडला नव्हता. गाणारी माय शे, तिना पदरमा भरा.

मी हेडफोन आजींच्या कानांवर लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पहिल्यांदा तो शब्द आला तेव्हा डोळे उघडले. सगळं संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग विचारलं.

“हाई कोण गायनं, म्हणते.”

“तुम्हीच, आजी. तुमचाच आवाज आहे. शब्द फक्त इकडचा तिकडे.”

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला, जपून, वायर गुंडाळून. ओठ हलले. या वेळी मला सुनंदाबाईंची गरज पडली नाही. ‘मी नही.’

भाविका म्हणाली, “आजी, किती गोड वाटतंय ते. माय शे.”

धुरपदाबाईंनी तिच्याकडे बघून बोटांनी हिशेब केल्यासारखं केलं आणि बोलल्या. सुनंदाबाईंनी लगेच सांगितलं नाही.

“सांगा ना, अक्का.”

“म्हणते, मायच्या पदरात गाया भरतात का? भरायला रिकामा पदर लागतो.”

मी हेडफोन पिशवीत ठेवला. मग आजींनी पुन्हा टाळी वाजवली आणि सावकाश, मला बघता यावं म्हणून तोंड माझ्याकडे करून काहीतरी म्हटलं. मला ‘तिले’ एवढंच कळलं.

“विहिणीबद्दल म्हणते,” सुनंदाबाई म्हणाल्या. “मंदाबाईंबद्दल. ती बिचारी मंडपात कोपऱ्यात बसेल म्हणते, मी बसायचे तशी. मी एवढ्या लोकांत माइकवरून स्वतःला तसं म्हटलं ना, की तिले समजी, ती एकली नही शे.”

भाविकाने पत्रिकांचा पुढचा गठ्ठा ओढला. मग सुनंदाबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. चपला घालताना हळूच म्हणाल्या, “तुम्ही बोला एकदा मेघाताईंशी. मी बोलले तर मुलीकडचे अडून बसले असं होईल. तुम्ही तिसऱ्या. आणि नाही म्हणाल्या तर जोर करू नका. पोर त्यांच्या घरात जायची आहे माझी.”

बसस्टँडवर बसूनच मी फोन केला. मेघाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“स्नेहल, मला कळलं,” त्या म्हणाल्या. “आजी ते स्वतःला म्हणतात. चांगल्या मनाने म्हणतात. पण हा शब्द आईने पहिल्यांदा कधी ऐकला माहीत आहे? बाबांच्या दहाव्याला. नदीवर. सख्ख्या दिराने म्हटला, सगळ्यांसमोर, शेताच्या वाटणीवरून. तो दीर लग्नाला येणार आहे. त्याला पत्रिका मीच दिली, द्यावी लागते. तो पंगतीत बसलेला असेल आणि स्पीकरवरून तो शब्द येईल. तो कोणाकडे बघेल?”

“पण ओळीत स्पष्ट आहे. गाणारी, असं म्हटलंय.”

“तू किती वेळा ऐकलंस हे गाणं?”

“चाळीसेक वेळा.”

“मंडपात एकदाच वाजणार आहे. ताटात वाढणं चालू असताना.”

ते बरोबर होतं. शब्द एकटाच ओळखू येतो. वाक्य ओळखायला वेळ लागतो, हे मी रोज बघते. मी म्हणाले, “मंदाकाकूंना एकदा विचाराल का? त्यांना काय वाटतं?”



“नाही विचारणार,” मेघाताई म्हणाल्या. “विचारायचं तर ऐकवावं लागेल.”

“मग नववं काढलं तर आठवंही ठेवता येत नाही, ताई. शेवटची नसेल तर आजींना एकही नको. तुमच्यावरची तुमच्यावरच राहील, असं म्हणतात.”

“राहू दे की माझ्यावर. मला काय होतंय?”

“त्या नाही म्हणाल्या.”

“मी आजींना फोन करू?”

“त्यांना बोलता येत नाही.”

“हो. खरंच. सॉरी. मला खरंच आवडलं होतं ते कानांचं.”

चोपड्याच्या बाजूने काय करता आलं असतं आणि धुळ्याच्या बाजूने काय, हे मी परतीच्या बसमध्ये कागदावर लिहून बघितलं. नववं गाणं मूळ शब्दासह: मेघाताई नाही. नववं ठोका बसवून: ओळ तीनदा येते, बीपसारखाच लोक तो शब्द भरणार. नववं ‘माय’ घालून: आजी नाही. नववं न घेता आठवं: आजी नाही. सगळं काढून काहीच न वाजवणं: सुनंदाबाई नाही, कारण त्यांनी आईला शब्द दिला होता की आवाज वाजेल. पारोळा आलं तोपर्यंत कागदाची एक बाजू भरली होती.

सोमवारी मी मुद्रण पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं, शिवी नसलेला भाग शोधत. पहिल्या गाण्यात, व्याही मांडवात यायच्या आधी, दोन कडवी आहेत. पहिल्यात मांडवाला, खांबाला, पाटा-वरवंट्याला नमस्कार. दुसऱ्यात कुलदेवीला जेवायचं बोलावणं. तिथे धुरपदाबाईंचा आवाज अजून तापलेला नाही, थोडा खरखरीत आहे, आणि मागे पुना ढोलकीचा अंदाज घेतो आहे. लांबी एक्केचाळीस सेकंद. मी ते दोन्हीकडे पाठवलं. मेघाताईंनी अंगठा पाठवला. सुनंदाबाईंनी फोन करून सांगितलं, “माय म्हणस, हाई देवनं शे. देवाला कोण नाही म्हणणार.”

“खूश आहेत का?”

“मान हलवली तिनं,” सुनंदाबाई म्हणाल्या.

लग्न रविवारी होतं, धुळ्याबाहेरच्या एका लॉनवर. स्पीकर वाल्मीकभाऊंचे, म्हणून मीही गेले. नथ्थूभाऊंचा फोटो व्यासपीठाच्या डाव्या बाजूला होता, हार घातलेला. मिशा खरंच मोठ्या होत्या, टोकाला वळवलेल्या. मंदाबाई राखाडी साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मेघाताईंनी त्यांना तिथे बसवलं होतं आणि दर थोड्या वेळाने येऊन बघून जात होत्या. शेजारची खुर्ची एका जाडसर माणसाने घेतली, तर मेघाताईंनी त्याला गोड बोलून दुसरीकडे नेलं. तो दीर असावा. मी विचारलं नाही.

दीड वाजता पंगती बसल्या. बट्टी, वरण, वांग्याची भाजी. वाढपी पळत होते, मुलं खुर्च्या ओढत होती, मंडपामागे जनरेटर चालू होता. भाऊंनी मला खूण केली आणि मी फाईल लावली.

“वाढवा ना भाऊ, थोडा आवाज,” मी म्हणाले.

“नाही. मुलाकडच्यांनी सांगितलंय, जेवताना मोठा आवाज नको. माणसं गप्पा मारतात.” त्यांनी आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवलं. “इथपर्यंतच.”

धुरपदाबाईंना भाविकाच्या मामांनी हाताला धरून पुढे आणलं होतं. त्यांनी खुर्ची नको म्हटली आणि स्पीकरच्या खोक्याजवळ खाली सतरंजीवर बसल्या. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी उजवा तळहात खोक्याच्या लाकडावर ठेवला. ओठ हलत होते. ते स्पीकरमधल्या शब्दांबरोबर होते की दुसरेच काही, हे मला इतक्या लांबून सांगता येणार नाही. सुनंदाबाई तेव्हा विहिणीकडच्या पंगतीत वाढत होत्या. एक मुलगा खोक्याला टेकून पापड खात होता. आजींनी त्याला हाताने बाजूला केलं.

मंदाबाईंच्या ताटात मेघाताई तूप वाढत होत्या. दोघींपैकी कोणी वर बघितलं नाही.

कुठल्याही कार्यक्रमात मी मंडपाच्या मध्यभागी उभं राहून फोनवरच्या मापकाने आवाजाची पातळी घेते. हा मापक मी महाविद्यालयातल्या उपकरणाशी पडताळून घेतलेला आहे. त्या दिवशीही घेतली, प्रत्येक वेळी एक्केचाळीस सेकंदांची सरासरी. गाणं लागण्याआधी ८१.३ डेसिबल. गाणं चालू असताना ८१.६. गाणं संपल्यावर ८१.४. मापकातली चूक दीड डेसिबलपर्यंत, म्हणजे या आकड्यांवरून गाणं वाजलं की नाही हे सांगता येत नाही.